माझ्या काचेतून निसटलेला चेहरा

मित्रांनो, कपाटाच्या दुसऱ्या फळीवर जी काळी, वीतभर लांबीची नळी आडवी ठेवलेली दिसते ना, ती मी. मी एक जुनी झूम लेन्स आहे. रोल घालायच्या कॅमेऱ्याच्या तोंडाला मला जोडत असत. हातात घेतलंत तर सोललेल्या नारळाएवढी जड लागेन. डोळ्याजवळ नेऊन उजेडाकडे धरलंत, तर मात्र पलीकडचं तुम्हाला काहीच नीट दिसणार नाही. माझ्या काचांमध्ये पांढरट जाळी पसरली आहे. ती बुरशी आहे. ती कशी आली, हेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म जपानमधला. तिथल्या एका कारखान्यात माझ्या एकेक काचेला आठ-आठ दिवस घासून गोलाई दिली होती. अशा तेरा काचा माझ्या पोटात एकामागे एक बसवलेल्या आहेत. प्रत्येक काचेवर जांभळट रंगाचा एक पातळ लेप दिलेला. तो लेप म्हणजे आमची कातडी. माझं काम एकच, लांबची वस्तू जवळ आणून दाखवणं. माझ्या अंगावर रबरी नक्षीचं एक रुंद कडं आहे. ते पुढेमागे सरकवलं की वस्तू लहानमोठी दिसते आणि तेच कडं फिरवलं की चित्र स्पष्ट होतं. दोन्ही कामं एकाच कड्यावर. घडवणाऱ्याला यात मोठी सोय वाटली होती. माझ्यातली खोडही तीच होती. घाईघाईत कडं ओढायला गेलं, तर ते किंचित फिरायचंही, आणि स्पष्ट झालेलं चित्र पुन्हा पुसट व्हायचं.

बोटीवरच्या एका माणसाने मला मुंबईत आणलं आणि फोर्टमधल्या एका दुकानात दिलं. तिथे १९८४ साली मला गंगाराम भेटला. खेडकडच्या भातशेती करणाऱ्या घरातला हा सर्वांत धाकटा मुलगा. मुंबईत परळच्या एका स्टुडिओत त्याने आठ वर्षं काम केलं होतं आणि आता रत्नागिरीत स्वतःचा स्टुडिओ काढायचं त्याच्या मनात होतं. दुकानात त्याने मला कॅमेऱ्याला लावलं, रस्त्यापलीकडच्या इमारतीवर बसलेल्या कावळ्याकडे रोखलं आणि तो एकदम म्हणाला, "अरे, ह्याच्या डोळ्यातलं पाणी दिसतंय!"

त्या दिवशी मी त्याची झाले.

राम आळीच्या टोकाला त्याचा स्टुडिओ होता. पुढे छोटी खोली, तिच्यात रंगवलेला पडदा आणि एक लाकडी स्टूल. मागे डार्करूम. गंगाराम फोटो काढायचा आणि त्याची बायको गुणवंती हिशोब, पाकिटं, तारखा सांभाळायची. पासपोर्टचे, लग्नाचे, बारशाचे फोटो काढायला दुसरी लेन्स होती. माझी पाळी यायची ती रविवारी. मला गळ्यात अडकवून गंगाराम बाहेर पडायचा. भाट्याच्या किनाऱ्यावर, शिमग्याच्या पालखीला, मैदानावरच्या सामन्यांना, बंदरावर होड्या लागायच्या तेव्हा.

मित्रांनो, माणसाच्या जवळ जाऊन कॅमेरा धरला की माणूस बदलतो. मान ताठ करतो, केसांवरून हात फिरवतो, हसू ओढून आणतो. मी लांबून बघायचे. त्यामुळे लोक जसे होते तसेच मला दिसायचे. सोनूबाई नावाची एक कोळंबी विकणारी म्हातारी होती. बंदरावर ती आपल्या सुनेशी कडाकडा भांडत होती आणि भांडता भांडता स्वतःच्याच शिवीला फिसकन हसली. नेमकं ते हसू आम्ही टिपलं. त्या फोटोला मुंबईच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. गंगारामने तो सोनूबाईला दाखवला, तेव्हा ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मी अशी हसतंय? मला कोण बोललाच नाय कधी." पाहुण्यांना तो फोटो दाखवताना गंगाराम मला हातात घ्यायचा. म्हणायचा, "हिने काढलाय. मी नुसतं बटण दाबलं." मला फार बरं वाटायचं. कौतुक कुणाला आवडत नाही?

तो रोज मऊ कपड्याने मला पुसायचा. पावसाळ्यात तांदळाच्या डब्यात पुरचुंडी करून ठेवायचा, म्हणजे दमट हवा लागू नये. उघडीप पडली की तासभर उन्हाच्या तिरपेत ठेवायचा. अशी सात वर्षं गेली.

स्टुडिओच्या पायरीवर रोज सकाळी यमुनाबाई टेकायची. बंदरावरून मासळीची पाटी घेऊन ती गावात घरोघर फिरायची आणि अर्ध्या वाटेवर ही पायरी लागायची. पाटी उतरून ठेवायची, गुणवंतीकडून तांब्याभर पाणी घ्यायची, दोन गोष्टी बोलायची आणि उठायची. नवरा लवकर गेलेला. एकच मुलगा, रूपेश. तेवीस वर्षांचा, एका लाँचवर खलाशी. उंच, सडपातळ, आणि उभा राहायचा तेव्हा डावा खांदा जरा खाली टाकून.

१९९१ सालच्या नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रूपेश स्टुडिओत आला.

"दादा, उद्या आमची लाँच निघतेय. मी नाळेवर उभा राहणार हाय. माजा एक फोटू मारा."

होडीच्या पुढच्या टोकाला नाळ म्हणतात. सणाच्या दिवशी तिथे उभं राहून नारळ सोडायचा मान त्याला पहिल्यांदाच मिळाला होता.

"इथे स्टुलावर बस की. आत्ताच मारतो," गंगाराम म्हणाला.

"नाय नाय. स्टुलावर नको. आयशीला देयाचा हाय. समिंदरावरचा होवा." मग जरा लाजून म्हणाला, "घरात माजा एकबी फोटू नाय. सातवीतला हाय, त्याच्यात म्होरच्याच्या डोक्याआड अर्धं तोंड गेलंय."

गंगाराम हसला. "बरं. पण कॅमेऱ्याकडे बघू नको. बघितलंस की तोंड वाकडं करतोस."

दुसऱ्या दिवशी बंदरावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ढोल वाजत होते, होड्यांना पताका लावल्या होत्या, बायका ओटीत नारळ घेऊन उभ्या होत्या. आभाळ भरून आलेलं होतं, उजेड कमी होता. गंगाराम धक्क्याच्या कडेला उभा होता. एका वर्तमानपत्राने त्याच्याकडून सणाचे फोटो मागवले होते आणि त्यांना हवी होती ती सर्वांत सजवलेली मोठी होडी. गंगारामने तिच्यावरच रोल संपवत आणला. त्या होडीवर फिकट पिवळा सदरा घातलेला एक खलाशी दोन्ही हात वर करून नाचत होता. त्याचे आम्ही चार-पाच फोटो काढले. फार सुंदर आले ते.

मग रूपेशची लाँच आली, आणि रोलमध्ये एकच फोटो उरला होता.

तो नाळेवर उभा होता. हातात नारळ, पांढरा सदरा वाऱ्याने फुगलेला. मला तो लख्ख दिसत होता. कपाळावरचा गुलाल, ओठांवरची नुकतीच राखलेली मिशी, सगळं. गंगारामने कडं फिरवून त्याचा चेहरा स्पष्ट केला होता. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात लाटेवर लाँच उसळली आणि नाळेचं टोक चित्राबाहेर गेलं. सगळी नाळ यावी म्हणून गंगारामने घाईघाईने कडं मागे ओढलं. ओढताना ते फिरलं. केसभर फिरलं असेल. माझ्या डोळ्यांसमोर रूपेशचा चेहरा विरघळला, आणि त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

मित्रांनो, मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

"आला काय, दादा?" रूपेशने पाण्यावरून हाक दिली.

गंगारामने हात वर केला. "आला! आला!"

त्याच संध्याकाळी त्याने रोल धुतला. शेवटचा फोटो भिंगाखाली धरला आणि तसाच धरून बसला. गुणवंतीने विचारलं, "काय झालं?"

"रूपेशचा गेला. पुसट आलाय."

"मग सांगा त्याला. पोरगा चांगला आहे, पुन्हा उभा राहील."

"बक्षीस मिळवलेला फोटोग्राफर मी. त्याला काय सांगू, फोकस चुकला म्हणून?" गंगाराम म्हणाला. "बघतो. त्यांची लाँच दोन-तीन दिवसांनी बंदराला लागतेच. लांबून एक गुपचूप मारतो आणि तोच देतो."

पण लग्नाची कामं आली, गणपती आले, आणि तो गुपचूप मारायचा फोटो राहून गेला. रूपेश मात्र दोनदा येऊन गेला. एकदा गणपतीच्या आधी, एकदा गौरी आल्या त्या दिवशी.

"दादा, फोटू झाला काय?"

"देतो रे. गर्दीत आहे जरा. गणपती जाऊ देत."

"आयशीला सांगून ठेवलंय मी. रोज इचारते."

"देतो म्हटलं ना."

मी तेव्हा काचेच्या कपाटात होते. माझ्यापासून रूपेश चार पावलांवर उभा होता. त्याच्या मागे दोन पावलांवर ते लाकडी स्टूल होतं. दिवे लागलेले होते. दुसरा कॅमेरा स्टँडवर तयार होता, आत कोरा रोल होता. "चुकला रे माझा, बस इथे" एवढंच म्हणायचं होतं. पुरतं एक मिनिटही लागलं नसतं. गंगारामला ते म्हणवलं नाही. रूपेशने पायांत वहाणा सरकवल्या आणि डावा खांदा खाली टाकून तो पायऱ्या उतरून गेला. मी त्याला बघितलं ते शेवटचं.

गौरी-गणपती गेल्यावर पाचव्या दिवशी दुपारी अचानक वारं फिरलं. बाहेर गेलेल्या होड्या लगबगीने आत येत होत्या. खाडीच्या तोंडाशी रूपेशची लाँच वाळूला लागली, आडवी झाली आणि उलटली. पाचजण होते. चौघे पोहत किनाऱ्याला आले. रूपेश आला नाही. तीन दिवस होड्या फिरत होत्या. तो सापडलाच नाही.

दिवसकार्य झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी यमुनाबाई स्टुडिओत आली. पाटी नव्हती. पायरीवर न टेकता ती सरळ आत आली.

"गंगाराम, त्यानं सांगितलान व्हतं मला. दादानं फोटू काढलाय म्हणून. तेवढा दे."

गंगारामने तिला बसवलं आणि तो डार्करूममध्ये गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक मोठा फोटो होता. फोटो लख्ख होता. पण तो रूपेशचा नव्हता. त्या सजवलेल्या होडीवर नाचणाऱ्या खलाशाचा होता. अंगलट तशीच, वयही तेवढंच, चेहरा अर्धा वळलेला. काळ्यापांढऱ्या फोटोत फिकट पिवळा सदरा पांढराच दिसतो. दोन दिवस आधीच त्याने तो मोठा करून ठेवला होता. तो करत असताना गुणवंती दारात उभी राहून म्हणाली होती, "आई आहे ती. तिला कळणार नाही?" तो म्हणाला होता, "तिच्या डोळ्यांना सारखं पाणी असतं. आणि तिला आधार होईल." त्याचा हेतू वाईट नव्हता, मित्रांनो. पण तो खोटं बोलत होता, आणि त्या खोट्याला माझाच लख्ख फोटो वापरत होता. मला फार लाज वाटली.

यमुनाबाईने फोटो मांडीवर ठेवला. पदराने डोळे पुसले. बराच वेळ पाहिलं. मग फोटोतल्या कानावर बोट ठेवून ती हळूच म्हणाली, "ह्यो माजा नाय रे. ह्येचे कान बग केवढं हायत."

गंगारामने तो फोटो तिच्या मांडीवरून उचलून घेतला.

"माज्याचा नाय काय तुज्याकडं?"

तेव्हा तो पुन्हा आत गेला. लाल दिव्याखाली त्याने तो शेवटचा फोटो छापला आणि ओला तसाच घेऊन आला. बाहेर आला तेव्हा रडत होता. "हा आहे, यमुनाबाय. पण पुसट आलाय. तोंड कळत नाही. माझा हात चुकला."

फोटोत एक नाळ होती, पांढरा सदरा होता आणि चेहऱ्याच्या जागी धुकं होतं. यमुनाबाईने तो दोन्ही हातांत धरला. तिच्या तोंडावर मी जे पाहिलं ते मला कधी विसरता आलं नाही.

"ह्यो!" ती म्हणाली. "ह्यो माजा रूपेश. बग, खांदा कसा टाकलाय. किती येळा सांगितलं, नीट उभा ऱ्हा म्हणून."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "दोनदा येऊन गेला ना रे तुज्याकडं? सांगायचंस त्याला. हितं स्टुलावर बसला असता."

ती रागाने बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर गंगाराम बदलला. त्याने मला कॅमेऱ्यावरून काढलं. त्या दिवसाच्या निगेटिव्हची पट्टी, आणि माझ्यातून काढलेल्या सात वर्षांच्या सगळ्या निगेटिव्ह, एका पत्र्याच्या पेटीत भरल्या. पेटी आणि मी, दोघींना डार्करूममधल्या लोखंडी कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. गुणवंती म्हणाली, "तिला तांदळात तरी ठेवा." तो म्हणाला, "मला ती बघवत नाही." सोनूबाईचा हसरा फोटोही त्याने भिंतीवरून उतरवला. यमुनाबाई पुन्हा मासळी विकू लागली, पण त्या पायरीवर ती परत कधी टेकली नाही. पाटी डोक्यावर घेऊन समोरून सरळ निघून जायची. हे मला कपाटात गुणवंतीच्या बोलण्यावरून कळायचं.

मित्रांनो, रत्नागिरीच्या पावसाळ्यात भिंतीलासुद्धा घाम फुटतो. बंद कपाटात वारा नाही, ऊन नाही. पहिल्या पावसाळ्यात माझ्या सातव्या काचेच्या कडेला एक ठिपका आला, पाकोळीच्या पंखावरच्या धुळीएवढा. कुणी मला एक दिवस उन्हात ठेवलं असतं, तर तो तिथेच मेला असता. दुसऱ्या पावसाळ्यात त्याला मुळं फुटली. मग ती मुळं काचेवरून पसरत गेली आणि माझी ती जांभळी कातडी खात गेली. दुखतं का, असं तुम्ही विचाराल. दुखण्यापेक्षा हे वाईट होतं. ज्याच्यासाठी मला घडवलं तेच कणाकणाने जात होतं आणि मला ते कळत होतं.

बाहेर दिवस जात होते. रंगीत फोटो आले, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी आल्या, मग रोलच बंद झाले. गंगारामची मुलगी संध्या मोठी झाली, तिचं लग्न झालं. तिची मुलगी वेदिका कॉलेज झाल्यावर आजोबांच्या स्टुडिओत कॉम्प्युटरवर काम करू लागली. तिने एकदा विचारलं, "आजोबा, या कपाटात काय आहे?" उत्तर आलं, "जुना पसारा." कपाट बंदच राहिलं. बत्तीस वर्षं.

परवाच्या एका चैत्रात स्टुडिओच्या दाराशी रिक्षा थांबली. कुणीतरी काठी टेकत आत आलं. आवाज मी लगेच ओळखला.

"गंगाराम हाय काय रं?"

यमुनाबाई ऐंशीच्या घरात पोचली होती. पिशवीतून तिने एक फ्रेम काढली, हे मला कपाटात बोलण्यावरून कळलं. गेल्या पावसात तिच्या घराची कौलं उडाली होती आणि भिंतीवरून पाणी उतरलं होतं. फोटो काचेला चिकटला. पुतण्या तो सोडवायला गेला, तर कागद पांढराफटक हातात आला. काचेवर थोडा काळा डाग उरला होता, तेवढाच.

"दुसरा काढून दे," ती म्हणाली. "तुज्याकडं त्येची पट्टी असंल."

गंगारामऐवजी वेदिकाच म्हणाली, "असेल ना, आजी. निगेटिव्ह असली की हवे तेवढे फोटो निघतात."

कुलपाची किल्ली गंजली होती. शेवटी कडी तोडावी लागली. इतक्या वर्षांनी माझ्यावर उजेड पडला, पण मला तो दुधासारखा पांढरा दिसला. वेदिकाने मला बाजूला ठेवलं आणि पत्र्याची पेटी उघडली. आतल्या वरच्या पाकिटांमधल्या पट्ट्या कशाबशा बऱ्या होत्या. तळाला पाणी साचून आटल्याची रेघ होती. आणि तो रोल तळाला होता. पाकिटाचा कागद आणि पट्टी एकजीव झाली होती. वेदिकाने ती स्वच्छ पाण्यात भिजत घातली. दोन दिवस तिने फार हळू हातांनी खटपट केली. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई पुन्हा आली, तेव्हा वेदिकाने तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. पडद्यावर नाळेचं टोक दिसत होतं आणि थोडं पाणी. पुढचं सगळं सोलून गेलं होतं.

"ह्येच्या म्होरं?" यमुनाबाईने विचारलं.

"पुढचं राहिलं नाही, आजी."

मग वेदिका चाचरत म्हणाली, "आजी, तुम्ही सांगाल तसा चेहरा मी कॉम्प्युटरवर तयार करू शकते. नाक, डोळे, मिशी… अगदी खरा वाटेल."

"केलेला नको, बाय," यमुनाबाई म्हणाली. "मागं एकदा तुज्या आजोबानं दुसऱ्याचा दिलान व्हता. नको तसा."

गंगाराम तिच्या पायाशी खाली बसला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, लहान मुलासारखा बसला. "यमुनाबाय, ती पट्टी मी जपायला हवी होती. मला बघवत नव्हतं म्हणून मी कपाट बंद केलं."

यमुनाबाईने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुला बगवत नव्हतं रे," ती म्हणाली. "पण मला बगायचं व्हतं ना."

मित्रांनो, माझ्या सबंध आयुष्यात ऐकलेलं याहून खरं वाक्य मला आठवत नाही.

त्यानंतर गंगारामने पेटीतली एकेक पट्टी बाहेर काढली. वेदिका त्या स्वच्छ करायची, पडद्यावर मोठ्या करायची, आणि तो चष्मा लावून गर्दीतला प्रत्येक चेहरा बघायचा. कुठेतरी कडेला, कुणाच्या तरी मागे रूपेश असेल, ही आशा. दर गुरुवारी यमुनाबाई यायची. "घावला काय?" विचारायची आणि स्टुलावर बसून तीही बघायची. रूपेश मिळाला नाही. बाकीचे मात्र मिळत गेले. कुणाचा बाप जाळं शिवताना, कुणाची बहीण पालखीपुढे नाचताना. गंगाराम ते फोटो छापून ज्याच्या त्याच्या घरी स्वतः नेऊन देऊ लागला. सोनूबाईचं हसू तिच्या नातसुनेच्या घरात लागलं.

मलाही वेदिकाने कोल्हापूरला एका जाणत्या माणसाकडे नेलं. त्याने मला उघडलं, पाहिलं आणि म्हणाला, "लेपच खाल्लाय. पुसून जाळी जाईल, डाग जाणार नाहीत. दहा वर्षांपूर्वी आणली असती तर…" वेदिकाने मला परत आणलं आणि इथे, जिथे सकाळचं ऊन येतं, तिथे ठेवलं. गिऱ्हाइकं विचारतात, "ही चालते का?" ती खरं तेच सांगते.

भाद्रपदातल्या एका गुरुवारी यमुनाबाई आली नाही. शनिवारी तिचा पुतण्या आला. म्हणाला, "काकी काल गेली. भिंतीवर लावायला तिचा फोटो कुठं मिळेना. हितं यायची म्हणून इचारायला आलो."

गंगारामने खण उघडला आणि एक फोटो त्याच्या हातात दिला. पहिल्याच गुरुवारी, ती स्टुलावर बसल्या बसल्या, त्याने वेदिकाला सांगितलं होतं, "बाकीचं राहू दे. आधी हिचा काढ." फोटो नव्या लेन्सने काढलेला. तिच्या पापण्यांचा केसन् केस त्यात दिसतो.

पुतण्याने विचारलं, "आणि ती रिकामी फ्रेम? काकी तिला रोज फूल वाहायची."

"तीपण लाव," गंगाराम म्हणाला. "शेजारी लाव."

मित्रांनो, तुमच्याकडेही असं एखादं कपाट असेल. एखादी पेटी, एखादा खण, जो कुणालाच उघडवत नाही. मी त्यात राहून आले आहे. आतल्या वस्तूला आपण जपलंय असं वाटतं, पण अंधारात आणि दमट हवेत काहीच जपलं जात नाही. आणि कधी कधी त्या वस्तूवर तुमच्याहून दुसऱ्याच कुणाचा तरी हक्क जास्त असतो. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते, वाईट वाटलं तरी चालेल, रडू आलं तरी चालेल, पण ते कपाट उघडा. आतलं उन्हात ठेवा. ज्याचं आहे त्याला दाखवा. आणि हे पावसाळा लागायच्या आत करा.